ऑक्सिजन ९८ असतानाही भुलीआधी तोंडावर मास्क कशाला?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत परत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही समजेल. आईंचं वय ६२, उंची पाच फुटांच्या आसपास, वजन ८८ किलो, बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू. पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं आणि ते नीट पारही पडलं. पण ओटीत टेबलावर घेतल्यावर सिस्टरांनी ‘सॅच्युरेशन ९८’ म्हटलेलं आईंनी स्वतः ऐकलं, आणि तरीही भूलतज्ज्ञांनी नाका-तोंडावर मास्क दाबून धरला. आईंचा जीव घुसमटला, त्यांनी मास्क हाताने ढकलला, तो परत लावला गेला. घरी आल्यापासून त्या पोटापेक्षा त्या मास्कबद्दलच जास्त बोलतात. आता पुढच्या महिन्यात बेंबीच्या हर्नियाचं ऑपरेशन आहे. तुमचं म्हणणं असं की ऑक्सिजन पुरेसा होता तर हा प्रकार कशासाठी केला, बिलात ‘ऑक्सिजन चार्जेस’ लावता यावेत म्हणून का, आणि या वेळी ‘मास्क नको’ असं आधीच सांगता येईल का.

मी मिरज-सांगली भागात बरीच वर्षं भूल देते, मोठ्या रुग्णालयांतही आणि तालुक्याच्या दहा-बारा खाटांच्या नर्सिंग होममध्येही. आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे त्या दिवशी त्या ओटीत नेमकं काय झालं यावर बोलणार नाही. पण त्या मास्कमागचा विचार सांगू शकते. आणि घुसमटीचा मुद्दा मला ९८ च्या मुद्द्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. तो सहसा ‘होतं तसं कधीकधी’ म्हणून उडवून लावला जातो, ते बरोबर नाही.

बिलाचं आधी उरकते. मास्कमधून मिनिटाला १० लिटर या वेगाने पाच मिनिटं ऑक्सिजन दिला तर ५० लिटर लागतो. नर्सिंग होमबाहेर साखळीने बांधून ठेवलेला, काळ्या अंगाचा आणि पांढऱ्या खांद्याचा जो मोठा जंबो सिलिंडर दिसतो, त्यात सुमारे ७,००० लिटर असतो. बिलात जे लागतं ते ऑपरेशनभराचं आणि नंतर वॉर्डात दिलेल्या ऑक्सिजनचं. त्या पाच मिनिटांनी कुणी श्रीमंत होत नाही.

आता ९८. कोविडच्या काळात घरोघरी ते बोटाला लावायचं छोटं यंत्र आलं आणि ९४ च्या खाली गेलं की धावपळ करायची, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. त्या काळापुरतं ते उपयोगाचंही होतं. पण हे यंत्र एकच गोष्ट सांगतं: रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्क्यांवर या क्षणी ऑक्सिजन बसलेला आहे. श्वास थांबला तर तो किती वेळ टिकेल, याचा त्या आकड्यात काहीच पत्ता नसतो. साध्या हवेत श्वास घेणारा माणूस आणि पाच मिनिटं शुद्ध ऑक्सिजन घेतलेला माणूस, दोघांच्याही बोटावर ९८-९९-१०० असंच काहीतरी दिसेल. पहिल्याचा श्वास थांबला तर मिनिट-दीड मिनिटात आकडा ९० च्या खाली जातो. दुसरा धडधाकट आणि सडपातळ असेल तर त्याला सहा ते आठ मिनिटं लागतात. यंत्राला हे दोघे सारखेच.

आणि श्वास थांबतो. ही गोष्ट बहुतेक नातेवाइकांना कुणी सांगितलेली नसते. आपल्याला वाटतं की भूल म्हणजे गाढ झोप, आणि झोपेत माणूस श्वास घेतच असतो. पूर्ण भुलीत तसं राहत नाही. शिरेतून प्रोपोफॉल दिलं की अर्ध्या-पाऊण मिनिटात शुद्ध जाते आणि पाठोपाठ श्वास मंदावतो किंवा थांबतोच. त्यानंतर स्नायू शिथिल करायचं औषध देतो. त्याने हातापायांबरोबर छातीचे आणि श्वासपटलाचेही स्नायू ढिले पडतात. मग घशात लॅरिंगोस्कोप घालून, स्वरयंत्र नजरेला आणून, श्वासनलिकेत नळी टाकायची आणि मशीनने श्वास सुरू करायचा. सगळं सुरळीत असेल तर हा मधला काळ लहानच असतो. पण त्या काळात रुग्ण स्वतः श्वास घेऊ शकत नाही आणि त्याच्या श्वासाची पूर्ण जबाबदारी आमच्यावर असते.

हिशेब थोडा सविस्तर मांडते, कारण सगळं त्यावरच उभं आहे. साधा श्वास सोडून झाल्यावरही मध्यम बांध्याच्या, आडव्या झोपलेल्या माणसाच्या फुफ्फुसांत दोन ते अडीच लिटर वायू उरतो. श्वास बंद असताना शरीर मुख्यतः या उरलेल्या वायूतलाच ऑक्सिजन खेचत राहतं. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असला तरी आत बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड मिसळल्यामुळे फुफ्फुसातल्या वायूत तो १३-१४ टक्केच असतो. म्हणजे हाती साठा सुमारे ३०० मिलिलिटर. विश्रांतीतलं शरीर मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर वापरतं. हा साठा एका मिनिटात संपत आला म्हणायचा. रक्तातही ऑक्सिजन असतो, पण तो वापरायला काढला की सॅच्युरेशन पडतं, आणि तेच तर आपल्याला नकोय.

फुफ्फुसातली उरलेली जागा कोण अडवून बसलेलं असतं? नायट्रोजन. शरीराला त्याचा काही उपयोग नाही. रुग्णाला काही मिनिटं शुद्ध ऑक्सिजन श्वासात दिला की प्रत्येक उच्छ्वासाबरोबर थोडा थोडा नायट्रोजन बाहेर पडतो आणि त्याच्या जागी ऑक्सिजन येतो. तीन मिनिटांत ही अदलाबदल बहुतेक पूर्ण होते. मग त्याच दोन-अडीच लिटरांत जवळजवळ ९० टक्के ऑक्सिजन असतो, म्हणजे साठा दोन लिटरच्या आसपास. खर्च तोच, मिनिटाला २५० मिलिलिटर. उद्या पाणी येणार नाही हे कळल्यावर आपण आज हंडे-कळश्या भरून ठेवतो, नळाला आत्ता पाणी आहे म्हणून गप्प बसत नाही. मास्क ही ती भरणी. हे काही नवीन नाही; नायट्रोजन असा धुऊन काढण्याबद्दल १९५५ सालीच संशोधन छापून आलेलं आहे.

आता आईंकडे येते, कारण वरचा हिशेब मध्यम बांध्याच्या माणसाचा होता. पाच फूट उंची आणि ८८ किलो वजन म्हणजे बीएमआय ३८ च्या घरात. अशा व्यक्तीला आडवं झोपवलं की पोटाचा भार श्वासपटलाला वर ढकलतो, त्यामुळे फुफ्फुसात उरणारा वायू मुळातच कमी. भूल दिल्यावर तो आणखी घटतो. आणि शरीर मोठं म्हणून ऑक्सिजनचा खर्च जास्त. साठा लहान, उपसा मोठा. भरपूर वजनाच्या माणसांत मास्कने नीट ऑक्सिजन दिल्यानंतरही तीनेक मिनिटांत सॅच्युरेशन ९० वर येतं, हे अभ्यासांत दिसलंय आणि आम्हीही बघतो. मास्कशिवाय त्यांचं काय होईल हे सांगायला नको. म्हणून ‘९८ असताना गरज नव्हती’ या तुमच्या वाक्याला माझं उत्तर असं की आईंच्या बाबतीत ही गरज एखाद्या सडपातळ तरुणापेक्षा कितीतरी जास्त होती.

इथे एक रास्त शंका येते. माझे विद्यार्थीही ती विचारतात. शुद्ध गेल्यावर भूलतज्ज्ञ मास्क आणि फुगा दाबून श्वास देतोच ना, मग आधीच्या साठ्याचं एवढं काय? बहुतेक वेळा देता येतो, हे खरं. पण कुणाला देता येणार नाही, हे आधी खात्रीने सांगता येत नाही. तोंड किती उघडतं, मान किती मागे जाते, हनुवटी आत आहे का, गळा किती जाड आहे, हे सगळं आम्ही बघतो. तरीही डेन्मार्कमध्ये पावणेदोन लाखांहून जास्त रुग्णांच्या नोंदींवर झालेल्या आणि २०१५ मध्ये छापलेल्या पाहणीत असं निघालं की नळी टाकायला जे रुग्ण अवघड गेले, त्यांच्यातल्या ९३ टक्क्यांचा आधी अंदाजच आला नव्हता. मास्कने श्वास देणं अवघड गेलेल्यांचंही जवळजवळ तसंच. मग कुणाला मास्क लावायचा आणि कुणाला नाही, हे निवडणार कशाच्या आधारावर? मी निवडत नाही. सगळ्यांना लावते.

दुसरी शंका: अडचण आलीच तर औषध उतरू द्या, रुग्ण आपोआप श्वास घेईल. स्कोलीन नावाचं स्नायू शिथिल करणारं, झटपट उतरणारं औषध आहे, आणि जुन्या पिढीचा त्याच्यावर फार भरवसा. पण नेहमीच्या मात्रेचा परिणाम जाऊन पुरेसा श्वास परत यायला पाच ते दहा मिनिटं जाऊ शकतात. आईंच्या बाबतीत साठा किती मिनिटांचा, ते वर आलंच आहे. हे गणित जुळत नाही. सुगामाडेक्ससारखं उलटं औषध आता मिळतं, पण ते रोक्युरोनियम आणि व्हेक्युरोनियम या स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांवरच चालतं, महाग आहे, आणि प्रोपोफॉलची गुंगी काही त्याने उतरत नाही. शिवाय बोटावरचा आकडा घडलेलं सगळं उशिरा दाखवतो. फुफ्फुसातला ऑक्सिजन संपायला लागला तरी बोटापर्यंत बातमी यायला अर्धं मिनिट किंवा जास्तही लागतं. त्यातही ९० पर्यंत आकडा रमतगमत उतरतो आणि त्याखाली कोसळतो. ९० दिसलं की मला ‘अजून नव्वद आहे’ असा दिलासा कधीच वाटत नाही.

आता तो मास्क कसा लावावा, याकडे. हा सगळा प्रकार उपयोगाचा ठरतो की देखावा, ते इथेच ठरतं. घाईच्या दिवशी मास्क चेहऱ्याच्या दोन बोटं वर धरून ‘मोठा श्वास घ्या’ म्हणत औषध सोडणारे लोक मी पाहिलेत. त्या फटीतून साधी हवा आत येते, आणि दोन-चार श्वासांनी नायट्रोजन निघतही नाही. मास्क चेहऱ्याला चहूबाजूंनी टेकलेला असला पाहिजे. दाब फार नको, पण फट नको. मी मशीनवर ऑक्सिजन मिनिटाला १० लिटर किंवा जास्त ठेवते आणि काळ्या फुग्याकडे बघते: तो प्रत्येक श्वासाबरोबर थोडा आत-बाहेर झाला पाहिजे. फुगा जागचा हलत नसेल तर कुठेतरी गळती आहे आणि रुग्ण बाहेरचीच हवा घेतोय. मॉनिटरवर उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख सपाट-बुटका येत असेल तर तेच. जिथे मॉनिटर उच्छ्वासातला ऑक्सिजन दाखवतो, तिथे तो ९० टक्क्यांपर्यंत गेल्याशिवाय मी औषध देत नाही. तालुक्याच्या ठिकाणी ही सोय बहुधा नसते, तिथे भिंतीवरच्या घड्याळात तीन मिनिटं. ‘मॅडम, सुरू करायचं का?’ असं सर्जन दोनदा विचारतात. विचारू देत.

घाई खरंच असेल तर एका मिनिटात आठ खोल श्वास, हा मार्ग आहे. बैरूतच्या बराका यांच्या गटाने १९९९ मध्ये तो दाखवला. त्याआधीचा अर्ध्या मिनिटात चार खोल श्वासांचा प्रकार मला पुरेसा वाटत नाही; आकडा पटकन १०० दिसतो, पण साठा तेवढा भरत नाही. आणि मध्येच मास्क निघाला, तर एक-दोन श्वासांत बराचसा नायट्रोजन परत आत येतो. आईंनी ढकललेला मास्क लगेच परत का लावला गेला, त्याचं कारण बहुधा हेच असावं.

दुसरी गोष्ट बसण्याची. वजन जास्त असलेल्यांना सपाट झोपवून मास्क लावणं मला पटत नाही. टेबलाची डोक्याकडची बाजू २०-२५ अंश वर केली किंवा खांद्या-डोक्याखाली उतरत्या थरांत चादरी लावल्या, तर पोटाचा भार खाली सरकतो आणि फुफ्फुसाला जागा मिळते. ऑस्ट्रेलियातल्या २००५ च्या एका अभ्यासात, अतिस्थूल रुग्णांना सपाट न ठेवता २५ अंश उठवून ऑक्सिजन दिल्यावर श्वास थांबल्यापासून सॅच्युरेशन घसरेपर्यंत सुमारे पाऊण मिनिट जास्त मिळालं. पाऊण मिनिट वाचताना क्षुल्लक वाटतं. एक नळी जमली नाही आणि दुसरी हातात घेतली आहे, तेव्हा ते फार मोठं असतं. या उपायाला खर्च शून्य, तरी तो अनेक ठिकाणी होत नाही, याचा मला राग येतो.

घुसमटीबद्दल आता. शुद्ध ऑक्सिजन मिळत असताना माणूस गुदमरतो कसा? कारणं वेगवेगळी. काही वेळा बंद वस्तू तोंडावर आली की मनच घाबरतं. ओटीतला दिवा, अनोळखी माणसं, हातात सलाईन, त्यात कुणीतरी मागून, डोक्याकडून, चेहरा न दिसता मास्क लावतो. कोविडमध्ये आयसीयूत राहून आलेल्यांना तर ते दिवस आठवतात. काही वेळा कारण यंत्राचं असतं: ऑक्सिजनचा वेग कमी ठेवलेला, फुगा चिपाड झालेला, व्हॉल्व्ह जास्त आवळलेला. मोठा श्वास घ्यायला गेलं की पुढे वायूच नाही, किंवा सोडलेला श्वास बाहेर जायला वाट नाही. मशीनपासून मास्कपर्यंतच्या नळ्यांच्या जोडणीला सर्किट म्हणतात; आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी त्यातलं बेन सर्किट वापरतात. त्यात वायूचा वेग कमी पडला तर सोडलेला कार्बन डायऑक्साइडच परत आत येतो आणि खरीखुरी धाप लागते. म्हणून रुग्ण ‘गुदमरतंय’ म्हणाला की मी आधी माझं सर्किट तपासते आणि मग त्याला धीर देते, या क्रमाने. आणि वजन जास्त असलेल्या माणसाला सपाट झोपवलं असेल, तर मास्क नसतानाही दम कोंडतोच. आळ मात्र मास्कवर येतो.

यावर उपाय आहेत आणि ते अवघड नाहीत. मी रुग्णाशी समोरून बोलते, मास्क आधी त्याच्या हातात देते आणि त्याला स्वतःच तोंडावर धरायला सांगते. स्वतःच्या हातात असला की भीती निम्मी होते, कारण पाहिजे तेव्हा काढता येतो हे कळतं, आणि मग सहसा कुणी काढत नाही. एक-दोन श्वास झाले की मी हळूच माझा हात वर ठेवते. ‘झोप येणार, घाबरू नका’ असलं मोघम बोलण्यापेक्षा ‘तीन मिनिटं, साधे श्वास, मी इथेच आहे, मिनिट झालं की सांगते’ हे जास्त लागू पडतं. कुणाला नाकावर काही चालतच नसेल तर दातांत धरायची तोंडनळी आणि नाकाला चिमटा, असंही करता येतं. पारदर्शक मास्क असेल तर काळ्या रबरी मास्कपेक्षा लोकांना बरा वाटतो, वासही कमी. रुग्ण फारच अस्वस्थ असेल तर थोडं गुंगीचं औषध देऊन मास्क लावतात, पण आईंसारख्या शरीराला गुंगीतही श्वास अडू शकतो, त्यामुळे तो निर्णय तिथल्या भूलतज्ज्ञांचाच.

तुमच्या मेहुण्यांनी म्हटलंय की जास्त ऑक्सिजन फुफ्फुसाला वाईट. त्यात तथ्य आहे, थोडं. नायट्रोजन काढून टाकला की काही वायुकोशांतला सगळाच ऑक्सिजन रक्तात शोषला जातो आणि ते मिटतात. स्वीडनमध्ये २००३ साली छापलेल्या अभ्यासात १००, ८० आणि ६० टक्के ऑक्सिजनची तुलना केली होती. १०० टक्क्यांत मिटलेला भाग जास्त होता, ८० टक्क्यांत बराच कमी. पण सॅच्युरेशन ९० वर यायला लागलेला वेळही तसाच घटला: सुमारे सात मिनिटं, पाच मिनिटं आणि साडेतीन मिनिटं. मिटलेले वायुकोश मी नळी टाकल्यावर दाब देऊन उघडू शकते. गेलेली दोन मिनिटं परत आणता येत नाहीत. म्हणून सुरुवातीला मी १०० टक्केच देते आणि नळी बसली की ऑक्सिजन कमी करते. आणखी एक आक्षेप असा की साठा मोठा असल्यामुळे नळी चुकून अन्ननलिकेत गेली तर सॅच्युरेशन उशिरा पडतं आणि चूक उशिरा कळते. बरोबर आहे, पण ती चूक सॅच्युरेशनवरून ओळखायचीच नसते, कार्बन डायऑक्साइडच्या आलेखावरून ओळखायची असते. तो मॉनिटर नसेल तिथे मी पूर्ण भुलीची केस घेत नाही.

मास्क काढल्यानंतरही ऑक्सिजन चालू ठेवायची एक युक्ती आहे, ती आईंसाठी उपयोगाची. नाकात साध्या ऑक्सिजनच्या नळ्या ठेवायच्या आणि नळी टाकताना त्यांतून मिनिटाला १५ लिटरपर्यंत ऑक्सिजन सोडायचा. ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतही हे आहे. श्वास बंद असताना ऑक्सिजन आत जातो कसा, याचं विद्यार्थ्यांना नेहमी नवल वाटतं. रक्त मिनिटाला २५० मिलिलिटर ऑक्सिजन खेचतं, पण कार्बन डायऑक्साइड त्या मानाने फारच थोडा फुफ्फुसात उतरतो. त्यामुळे आत दाब किंचित घटतो आणि वरून वायू ओढला जातो. घशाची वाट उघडी आणि वरचा वायू ऑक्सिजन असला तर हे बराच वेळ चालतं. १९५९ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात निरोगी रुग्णांना असं ५५ मिनिटांपर्यंत श्वासाविना ठेवलं होतं. सॅच्युरेशन टिकलं, पण रक्तातला कार्बन डायऑक्साइडचा दाब, जो एरवी ४० (मिलिमीटर पारा) असतो, एका रुग्णात २५० पर्यंत गेला. आज तसं कुणी करणार नाही. लंडनच्या एका गटाने २०१५ मध्ये नाकातून खूप वेगाने गरम, दमट ऑक्सिजन देऊन अवघड रुग्णांतही निम्म्या जणांत १४ मिनिटं किंवा त्याहून जास्त मिळवली. ती हाय फ्लो यंत्रं कोविडमुळे आता जिल्ह्याच्या गावांतही आहेत, काही ठिकाणी प्लास्टिकखाली झाकून.

गर्भवतीचं फुफ्फुस आणि लहान मुलाचा ऑक्सिजनचा वापर यांचे हिशेब वेगळे आणि जास्त कडक आहेत. ते इथे वाढवत नाही. आयसीयूतल्या आजारी फुफ्फुसाला तर नुसता मास्क पुरत नाही. अमेरिकेतल्या २०२४ च्या मोठ्या चाचणीत अशा रुग्णांना दाबासहित मास्कने श्वास दिल्यावर सॅच्युरेशन धोकादायकरीत्या पडण्याचं प्रमाण साध्या मास्कच्या तुलनेत निम्म्यावर आलं: १८.५ टक्क्यांवरून ९.१.

तेव्हा ‘मास्क नको’ असं सांगू नका. तसं लिहून दिलंत तर माझ्यासारखी पूर्ण भूल द्यायला नकार देईल. त्याऐवजी ऑपरेशनच्या आधी भुलीची तपासणी होते, तेव्हा आईंना घेऊन जा आणि मागच्या वेळी काय झालं ते त्यांच्याच तोंडून सांगू द्या. ‘मास्क मी स्वतः धरेन, डोकं उंच ठेवा, आणि आधी मास्क दाखवा’ एवढं त्यांनी म्हटलं तरी पुरे. कुठलाही शहाणा भूलतज्ज्ञ याला नाही म्हणणार नाही. घरी पाठीला दोन उशा लावून, शांत, साधे श्वास तीन मिनिटं घ्यायचा सराव करायला हरकत नाही. तोंडावर पिशवी किंवा तसलं काहीही मात्र लावू नका. नखांचं पॉलिश आणि गडद मेंदी त्या आठवड्यात टाळा, बोटावरच्या यंत्राला त्रास होतो. कवळी असेल तर ती आहे हे सांगा. कधी काढायची ते भूलतज्ज्ञ ठरवतील, कारण कवळी असताना मास्क चेहऱ्याला चांगला बसतो.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: आई झोपेत मोठ्याने घोरतात का, घोरताना मध्येच श्वास थांबून दचकून उठतात का, दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागते का? तसं असेल तर ते तपासणीच्या वेळी आवर्जून सांगा, भुलीची सगळी आखणीच त्यावरून बदलते. हर्निया लहान असेल आणि टाके घालून, दुर्बिणीशिवाय करणार असतील तर पाठीतून स्पायनल देऊनही तो होऊ शकतो. मग हा मास्क लावायची वेळ बहुधा येणारच नाही, तरी तो बाजूला तयार असेल. दुर्बिणीतून करणार असतील तर सहसा पूर्ण भूलच लागते. हर्निया किती मोठा आहे आणि सर्जन कसा करणार आहेत, ते विचारून कळवलंत तर त्याबद्दल पुढे लिहीन.